क्रॉगसाहेबांच्या भिंतीवरची सासूबाई

माझ्यासमोर येऊन उभं राहिलं की माणसं आधी हात मागे घेतात. काहीतरी उचलताना पकडलं गेल्यासारखी. मग ओशाळं हसतात आणि म्हणतात, "काय बघते ही बाई!"

बघणारच. मी चीनमधल्या तिएनचिनच्या मियाओ घराण्यातल्या थोरल्या बाईंची तसबीर आहे. रेशमावर रंगवलेली, वरखाली दांडी लावलेली, सण संपला की गुंडाळून ठेवायची. अंगावर निळा दरबारी पोशाख, गळ्यात मण्यांची माळ, हात मांडीवर. असा पोशाख बाईंनी हयातीत कधी घातला नव्हता, पण मेल्यावर तसबिरीत तो सगळ्यांनाच मिळतो. चेहरा मात्र त्यांचाच आहे.

आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर कुणीतरी तुमच्या कानात फुंकेलच. मी खोटी आहे. घरची मूळ तसबीर वेगळी होती. मी तिची नक्कल.

माझा जन्म झाला तो धास्तीपोटी. ती हकीगत मी थ्यान मावशीच्या तोंडून ऐकली. ही त्या घरची जुनी कामवाली. रंग वाटायला बसली की तिची जीभ वरवंट्यापेक्षा जोरात चालायची.

त्या वर्षी नववर्षाच्या सणाला मूळ तसबीर बैठकीत टांगली होती. पुढे उदबत्ती, संत्री आणि उकडलेल्या करंज्यांचं ताट. बाईंचा एकुलता एक मुलगा, मियाओ देशिन, जमिनीला कपाळ टेकवून उठतोय तोच दारात क्रॉगसाहेब हजर. हे डेन्मार्कचे. तारखात्याची घडी बसवायला बड्या सुभेदारांनी आणलेले सल्लागार. देशिन त्याच खात्यात दुय्यम अधिकारी. साहेबांना आमची भाषा उत्तम यायची, आमच्या जुन्या चित्रांचं तर वेडच होतं.

त्यांनी करंज्या खाल्ल्या, वाखाणल्या. मग तसबिरीपुढे बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, "मियाओसाहेब, अशी एखादी मला मिळाली तर माझी भिंत धन्य होईल." आणि त्याच दमात पुढे म्हणाले, "बरं, ती तांब्याची तार वाटेत कमी कशी होते हो? सुभेदारांनी विचारलंय, नजर कुणावर ठेवायची. मला लवकरच काहीतरी सांगावं लागेल."

साहेब गेले आणि आतल्या खोलीत नवरा-बायकोची जुंपली.

"सरळ धमकी आहे ही," देशिन म्हणाला.

"कदाचित दोन वेगळ्या गोष्टी असतील." ही त्याची बायको, सूयुन.

"एका दमात? अगं, त्यांच्या घरी जाऊन आलोय मी. भिंतभर लोकांचे आईबाप टांगलेत. चहा पिता पिता त्यांच्याकडे बोट दाखवून पाहुण्यांना हसवतात. उद्या आईकडे बोट दाखवतील."

सूयुननं चहा ओतला. मग तिनं विचारू नये ते विचारलं. "तारेत तुमचा हात नाही ना?"

"तूसुद्धा?"

थ्यान मावशी सांगायची, त्यानंतर चहाला कुणी हात लावला नाही. शेवटी सूयुन म्हणाली, "आईंना द्यायचं नाही. त्यांच्यासारखं दुसरं काहीतरी देऊ."

सूयुनचं माहेर यांगल्यूचिंगचं. त्या गावात घरोघरी सणाची रंगीत चित्रं छापतात आणि छापलेल्या चित्रांचे चेहरे बायका हातानं रंगवतात. सासूबाईंनी तिला जन्मभर "रंगाऱ्याची पोर" म्हणून हिणवलं. आता त्यांना वाचवायला रंगाऱ्याच्या पोरीचाच हात लागला.

मागच्या खोलीत मूळ तसबीर आणि कोरं रेशीम शेजारी शेजारी ताणलं गेलं. पोशाख झाला, खुर्ची झाली, पायाखालचा गालिचा झाला. चेहऱ्याशी आल्यावर मात्र तिचा कुंचला अडला. ती मूळ चेहऱ्याकडे बघायची आणि मान हलवायची.

त्याचं कारण होतं. मूळ तसबीर दुकानातल्या चित्रकारानं काढलेली. त्यानं बाईंना कधी बघितलंच नव्हतं. त्याच्याकडे नाकांचं, डोळ्यांचं, जिवण्यांचं एक बाड असायचं. घरच्यांनी पानं उलटायची आणि बोट ठेवायचं, हे नाक, हे डोळे. बाईंना मरून तीनच दिवस झालेले, रडून रडून सगळ्यांचे डोळे सुजलेले. कुणी कुठं बोट ठेवलं देव जाणे. झाली ती एक गोड, गोल चेहऱ्याची, कुणाचीही आजी.

आणि खऱ्या बाई कशा होत्या? तेलाच्या बुधल्यावर कोळशानं रेघ मारून ठेवणाऱ्या. सणाच्या केकवरची लाल बोरं मोजून मगच झोपणाऱ्या. माहेराहून आलेली सुनेची पेटी तिच्याआधी उघडून बघणाऱ्या. पाहुणा निघाला की आधी कपाटाकडे आणि मग पाहुण्याकडे बघून "पुन्हा या हं" म्हणणाऱ्या.

सूयुननं मूळ चेहऱ्यावर फडकं टाकलं आणि डोळे मिटून बसली. मग जे मनात होतं ते काढलं. माझे डोळे उघडले आणि समोर ती होती. मला तेव्हाच तिचा संशय आला. ही माझ्याकडे अशी का बघते? हिनं काही लपवलंय का?

थ्यान मावशी पाणी घेऊन आली. मला बघून वाटीसकट मटकन खाली बसली. "अगं बाई! आल्या की परत!"

"हळू बोल, मावशी. हे ऐकतील."

"मालकांचं सोडा. मी थोरल्या बाईंच्या बरणीतली साखर खाल्ली होती, तेच विचारतायत बघा त्या."

मग मला म्हातारी करायचं काम. कडक चहाचं पाणी मारलं, चुलीच्या धुराड्यापाशी टांगलं. मावशी खोकत खोकत म्हणायची, "जिवंतपणी चुलीपाशी फिरकल्या नाहीत. आता बसा म्हणावं धुरात!" हसता हसता दोघींच्या डोळ्यांत पाणी यायचं. धुराचंच असावं. मला तेही खात्रीनं सांगता येत नाही.

देशिननं मला बघितलंच नाही. आईची प्रतिमा परक्याला द्यायची, मग ती नक्कल का असेना, त्याला ते सोसवेना. सूयुननं मला गुंडाळून, फीत बांधून त्याच्या हातात ठेवलं. तो खाली मान घालून घेऊन गेला.

परदेशी वस्तीत क्रॉगसाहेबांचं विटांचं घर. त्यांनी मला उघडलं आणि बैठकीत टांगलं. बघते तो चारही भिंतींवर माणसंच माणसं. कुणाचे आजोबा, कुणाची पणजी, कुणी दाढीवाले मामलेदार. सगळे आपापल्या निळ्या-लाल पोशाखात ताठ बसलेले, आणि पुढे ना उदबत्ती, ना फळ. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याच्या दांडीला साहेबांनी चक्क छत्री अडकवली होती.

माझ्यावर साहेबांचा विश्वास बसला नाही. भिंग आणून बघितलं, पाठ हुंगली, बोट ओलं करून कडेला घासलं. स्वतःशीच पुटपुटले, "इतक्या सहज दिली? हसत हसत दिली?" जुन्या वस्तूंचा एक दलाल होता, ग्वो नावाचा. त्याला बोलावून घेतलं.

ग्वो माझ्यासमोर आला आणि त्यानंही हात मागे घेतले. म्हणाला, "साहेब, खोटी तसबीर नेहमी गोड असते. विकायला काढलेला माल कुणी असं तोंड करून बसवेल का? ही बाई खरीच होऊन गेलीय. मला तर वाटतं, माझे खिसे तपासतेय."

साहेब खूश झाले. पण जाताना त्यांनी ग्वोकडेही जरा तिरकं बघून घेतलं. हा मियाओला सामील तर नाही ना?

त्या उन्हाळ्यात देशिन तारेच्या कामाचं बोलायला आला. पेला हातात घेतला, सहज वर बघितलं आणि पेला ओठांपर्यंत पोचलाच नाही.

"आई," तो म्हणाला. इतक्या हळू, की साहेबांना ऐकू आलं नाही. मला आलं.

तो वाट चुकलेल्या पोरासारखा माझ्याकडे बघत राहिला. आणि मग त्याच्या चेहऱ्यावर एक वेगळीच सावली आली. ती मी चांगली ओळखते, माझ्याच डोळ्यांत ती कायमची आहे. त्याला वाटलं, ही तर हुबेहूब आई. मग घरी पेटीत आहे ती कोण?

तुम्ही म्हणाल, घरची तसबीर त्यानं वर्षानुवर्षं बघितली नव्हती का? बघितली नव्हती. नमस्कार करणारा माणूस जमिनीकडे बघतो, चेहऱ्याकडे नाही.

त्यानंतर तो वरचेवर यायला लागला. काम असो नसो. माझ्यासमोरची खुर्ची धरून बसायचा. साहेबांना वाटायचं, घरातली अस्सल ठेव हातची गेली म्हणून जीव तुटतोय बिचाऱ्याचा, म्हणजे चीज खरी. दोघं एकमेकांना चहा पुढे करायचे, हवापाण्याचं बोलायचे आणि दोघांचेही डोळे माझ्यावर.

एकदा त्याला राहवलं नाही. "क्रॉगसाहेब, ही परत मिळेल का? दुसरं एखादं उत्तम चित्र आणून देतो."

साहेब हसले. "दिलेली भेट परत मागतात का तुमच्यात?"

देशिन उठला आणि गेला. तारेचं पुढे काय झालं? देशिनवर काही बालंट आलं नाही एवढं खरं. ते माझ्यामुळे, की मुळातच काही येणार नव्हतं, हे साहेब कधी बोलले नाहीत.

मग तीन वर्षांनी मूठवाल्यांच्या, म्हणजे परदेशी लोकांवर उठलेल्या बॉक्सरांच्या, बंडाचा उन्हाळा आला. साहेबांनी सगळ्या पूर्वजांना गुंडाळून तळघरात नेलं. आम्ही अंधारात एकमेकांवर पडून तोफा ऐकत होतो. आधी गोळे आमच्या वस्तीवर पडत होते. मग परदेशी फौजांनी गावाची वेस उडवली आणि आवाज तिकडे सरकला. वर आणल्यावर बघितलं तर खिडकीबाहेर जुन्या गावावर धूर बसला होता. तो किती तरी दिवस हलला नाही.

मग ऐन थंडीत एके सकाळी सूयुन आली. सोबत थ्यान मावशी. सूयुनच्या अंगात कुणाचातरी मोठा, भरड अंगरखा होता. तिनं आसन घेतलं नाही.

"साहेब, आमचं घर जळालं," ती म्हणाली. "पेटी जळाली. आतली सासूबाईंची तसबीर गेली. आम्ही माझ्या माहेरी राहतोय, यजमान अंथरुणाला खिळलेत. सण तोंडावर आलाय आणि नमस्कार करायला घरात काही नाही. ही द्या आम्हाला."

"पण तुमची तसबीर तर ही आहे," साहेब म्हणाले. "पेटीत कुठली होती?"

सूयुन सरळ म्हणाली, "पेटीत खरी होती. ही मी काढलेली आहे."

साहेबांनी पाइप खाली ठेवला.  मग ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. "बाई, युक्ती चांगली आहे. खोटी म्हटलं की मी कंटाळून देऊन टाकेन. तुमच्या यजमानांनीही मागितली होती. खोट्यासाठी माणूस असा येऊन बसतो होय?"

"तेच तर!" तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "त्यांनाही असंच वाटतं. मी खरी तुम्हाला दिली आणि खोटी घरात ठेवली. सासूबाईंनी मला छळलं म्हणून मी सूड उगवला, असं वाटतं त्यांना. तीन सण झाले, ते घरच्या तसबिरीपुढे टेकले नाहीत. माझ्या हातचं जेवतात आणि माझ्याशी बोलत नाहीत. आता ती जळली, तर म्हणतात, खोटीच होती, बरं झालं."

"बघा हं साहेब," थ्यान मावशी मध्येच म्हणाली, "रंग मी वाटलाय. धुरी मी दिलीय. खोटं बोलत असेन तर या आत्ता भिंतीवरून उतरतील."

साहेबांचा तरीही विश्वास नव्हता. त्यांनी उठून मला उलटं फिरवलं, तोंड भिंतीकडे. "काढून दाखवा," ते म्हणाले.

पुढचं मला दिसलं नाही. फक्त ऐकू आलं. कागद अंथरला, शाई उगाळली. मग कुंचला. जन्माच्या वेळी ऐकला होता, तोच आवाज. मध्ये एकदा तो थांबला आणि मावशी म्हणाली, "रडू नका, कागद भिजेल." मग पुन्हा चालू झाला.

साहेबांनी मला सरळ केलं. टेबलावर कागद होता आणि कागदावर मीच होते. त्यांनी भिंगसुद्धा उचललं नाही. खुर्चीत बसले.

"म्हणजे तुमच्या यजमानांनी मला फसवलं," ते म्हणाले. रागावले होते, की दुखावले होते, कळेना.

"तुम्ही सणाच्या दिवशी आमच्या घरी आलात, आमच्या करंज्या खाल्ल्यात आणि आमच्या सासूबाई मागितल्यात," सूयुन म्हणाली. "किटली मागावी तशा. खरी देणारं घर कुठे भेटलं असतं तुम्हाला?"

"मी सहज म्हणालो होतो."

"आणि तारेचं? तेही सहज?"

 साहेबांची नजर भिंतींवरून फिरत गेली. इतकी वर्षं ते या मंडळींचे पोशाख आणि गालिचे बघत होते. त्या दिवशी ते एकेकाचा चेहरा बघत होते. नाकांच्या बाडातून आलेले, तरी कुणाचे तरी. मग ते उठले, कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याच्या दांडीवरची छत्री काढली आणि ती कुठे ठेवावी हे न कळून हातातच धरून उभे राहिले.

शेवटी त्यांनी मला उतरवलं आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं. "घेऊन जा."

तिनं हात पुढे केले. माझ्या दांडीला तिची बोटं लागली आणि तिथंच थांबली. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे.

"नको," ती म्हणाली.

"अहो, आता काय नको?" मावशी ओरडलीच. "एवढ्या थंडीत चालत आलो ते कशाला?"

"हिला घरी नेलं की ते म्हणतील, बघ, खरी तीच होती, गुपचूप परत आणलीस. मरेपर्यंत तेच म्हणतील." तिनं टेबलावरचा कागद उचलला. "हा नेते. शाई अजून ओली आहे. समोर बसून दुसरा काढून दाखवीन. हात कुणाचा ते तरी कळेल त्यांना."

तिनं मला पुन्हा खिळ्याला अडकवायला लावलं. मग त्या परक्या बैठकीत, साहेबांच्या बुटांशेजारी, गुडघे टेकले आणि जमिनीला कपाळ लावलं. मावशीही वाकली. माझ्यापुढे कुणी वाकण्याची ती पहिली वेळ. नक्कल म्हणून जन्मलेलीला तो मान कोण देणार होतं? साहेब छत्री धरून भिंतीला लागून उभे होते. हलले नाहीत.

सण होऊन गेल्यावर थ्यान मावशी करंज्यांचं भांडं घेऊन आली. "धाकट्या बाईंनी पाठवल्यात," म्हणाली. आणि मग साहेबांनी विचारायच्या आतच बोलायला लागली. "मालकांनी कागद बघितला. बाईंनी दुसरा काढायला घेतला, तर अर्ध्यावरच म्हणाले, पुरे. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला वाटलं, संपलं. तर जरा वेळानं तसेच पडल्या पडल्या विचारतात कसे, 'तू जेवलीस का?' तीन वर्षांत पहिल्यांदा! मग मीच चूल पेटवली, त्या काही उठण्याच्या स्थितीत नव्हत्या."

साहेबांनी त्या करंज्या माझ्यासमोर बसून खाल्ल्या. पहिली मात्र बशीत घालून माझ्यापुढे ठेवली. लाजत लाजत, आणि दार लावून.

डेन्मार्कला परत जाताना त्यांनी बऱ्याच तसबिरी तिथंच ठेवल्या. काहींचे धनी शोधले म्हणे, काही ग्वोकडे गेल्या. ग्वोनं त्यांचं काय केलं याबद्दल माझे विचार चांगले नाहीत. मला त्यांनी सोबत नेलं. पाहुणे विचारायचे, "खरी का हो?" ते म्हणायचे, "बाईंनाच विचारा."

साहेब गेले, त्यांच्या मुलांनी मला संग्रहालयाला दिलं. आता मी एका थंड खोलीत, सपाट खणात असते. मधूनमधून कुणीतरी हातमोजे घालून खण ओढतं आणि दिव्याखाली माझी कड तपासतं. अलीकडे एक विदुषी आल्या होत्या. फार हुशार. चहाचं पाणी त्यांनी बरोबर ओळखलं. जाताना माझ्या पाटीवर पेन्सिलीनं लिहून गेल्या, "अस्सल असल्याबद्दल शंका. अज्ञात स्त्री. चित्रकार अज्ञात."

शंकेचं मला काही वाटत नाही, तिच्यावरच मी वाढले. पण चित्रकार अज्ञात नाही. तिचं नाव सूयुन. हे तेवढं लिहून घ्या. आणि जी दिसते तिचं नाव? तिला घरात कुणी नावानं हाकच मारली नाही. आई, सासूबाई, थोरल्या बाई, एवढंच. इतकी वर्षं मी तिचे डोळे वापरतेय आणि मला तिचं नाव ठाऊक नाही.

यांगल्यूचिंगकडे मियाओंचं कुणी उरलं असेल, आणि त्यांच्यापैकी कुणाला ते माहीत असेल, तर येऊन खणाशी हळूच सांगा. मी लगेच विश्वास ठेवणार नाही. पण ऐकून घेईन.